आबांच्या समक्ष

१

मृत्युपत्राच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. अदालत रोडवरच्या माझ्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या लोकांना वाटतं, कागद टाईप झाला, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या आल्या की काम फत्ते. साक्षीदार कोण, तर जो सापडेल तो. एक महाशय तर साक्षीदारांच्या सह्या आधीच घेऊन आले आणि वर मला म्हणाले, मॅडम, तेवढंच तुमचं काम हलकं केलं. त्यांना मी जिन्यापर्यंत सोडून आले.

नियम साधा आहे. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करायची ती दोन साक्षीदारांच्या समक्ष. आणि साक्षीदारांनी सही करायची ती करणाऱ्याच्या समक्ष. पहिला अर्धा सगळ्यांना ठाऊक असतो, दुसरा विसरतात. म्हातारा सही करून दमतो, उशीला टेकतो, आणि साक्षीदार बाहेरच्या खोलीत चहा पीत आपल्या सह्या उरकतात. पुढं भांडण कोर्टात गेलं की समोरचा वकील नेमकं तिथंच बोट ठेवतो. म्हणून मी स्वतः साक्षीदार असले की पेन वर धरते आणि सांगते, माझ्याकडं बघा, मी सही करतेय. माणूस बघायला लागला की मगच पेन कागदावर टेकवते.

माझी ही सवय सगळ्या बारमध्ये, म्हणजे वकील मंडळींत, चेष्टेचा विषय आहे. शेजारच्या ऑफिसातली माझी मैत्रीण लुबना, तीही वकील, म्हणते, सुरेखा, तू त्या मांजरीच्या डोळ्यांनी म्हाताऱ्यांचा जीव घेशील एखाद्या दिवशी. माझे डोळे घारे आहेत. माहेरी सगळ्यांचेच तसे.

अमृता माझ्याकडं मागच्या उन्हाळ्यात आली. नवऱ्यानं टाकलेली, चाळिशीच्या आतबाहेरची बाई. सिडकोत मामाकडं राहायची, त्यांचं सगळं करायची आणि त्याच घरच्या स्वयंपाकघरातून डबे पुरवायची. मामा म्हणजे रामकिसन आबा, पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले. त्यांचा मुलगा काकासाहेब वैजापूरला आडत दुकान चालवायचा आणि बापाकडं फिरकतही नव्हता. आबांना घर भाचीच्या नावावर करायचं होतं. मृत्युपत्र झालं नाही तर आबांच्या माघारी घर सरळ मुलाकडं जाणार आणि अमृताला गॅस, शेगडी उचलून रस्त्यावर यावं लागणार, हे सांगायला वकील लागत नाही.

आबांशी मी फोनवर सविस्तर बोलले. माणूस तल्लख होता. आवाज खणखणीत, बोलण्यात मिश्कीलपणा. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा कागद अमृतानं आणला होता. गुडघे गेल्यामुळं त्यांना जिना उतरवत नव्हता, तेव्हा मीच घरी जायचं ठरलं.

२

दुपारची वेळ होती. खालच्या मजल्यावर सोफे दुरुस्त करणारे नवाबभाई दुसरे साक्षीदार म्हणून वर आले होते, हाताला अजून फेविकॉल लागलेला. स्वयंपाकघरात फोडणीचा वास, कुकर निवत ठेवलेला. सगळं साधं, नेहमीचं.

आबांच्या खोलीत शिरले आणि मला पहिल्यांदा जाणवला तो अंधार. खिडकीवर जाड चादर लावलेली. मी भिंत चाचपून बटण दाबलं, काही लागलं नाही. वर बघितलं तर होल्डर रिकामा होता आणि त्यावर कोळ्यानं जाळं धरलेलं. मी अमृताला म्हटलं, अगं, म्हाताऱ्या माणसाच्या खोलीत बल्ब नाही? ती गडबडून म्हणाली, कालच गेला, मॅडम. मग तिनं खिडकीवरची चादर काढली.

आबा नायलॉनच्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ धोतर, दाढी केलेली, डोळ्यांवर काळ्या काडीचा चष्मा. चष्म्याच्या काचेवर एका कोपऱ्यात दुकानाचं स्टिकर तसंच होतं. मला वाटलं, नवा असेल.

मी मृत्युपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. ते मी सगळ्यांनाच वाचून दाखवते, प्राध्यापकांनाही. आबा मान डोलवत होते. मध्ये एका ठिकाणी त्यांनी मला थांबवून गच्चीचाही उल्लेख करायला लावला. मग अमृतानं त्यांच्या मांडीवर पाट ठेवला, त्यावर कागद, आणि सहीच्या ओळीखाली पुठ्ठ्याची एक पट्टी सरळ धरली. "इथून सुरू, आबा," ती म्हणाली. त्यांनी पट्टीच्या कडेनं सही केली. नेटकी, एका ओळीत. सही करताना ते कागदाकडं बघत नव्हते, समोरच्या भिंतीकडं तोंड होतं. पेन्शनवाल्यांचा हात सरावलेला असतो, मी मनात म्हटलं.

नवाबभाईंनी सही केली. मग मी. सवयीप्रमाणं पेन वर धरलं आणि म्हणाले, "आबा, माझ्याकडं बघा. मी सही करतेय."

 अमृतानं तोंड उघडलं आणि मिटलं. आबांची मान थोडी कलती झाली, लांबून कुणी हाक मारल्यावर होते तशी. त्यांनी चष्मा काढला, मिटला, मांडीवर ठेवला. मग पुढं वाकले. खुर्चीच्या पट्ट्या करकरल्या. आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं.

बघितलं म्हणजे नीट बघितलं. आधी माझ्या तोंडाकडं, मग पेनाच्या टोकाकडं. मी सही करायला लागले तशी त्यांची नजर पेनाबरोबर सरकत गेली, अक्षरामागून अक्षर, शेवटच्या फराट्यापर्यंत. तो फराटा मारताना मला एकदम अंधारून आलं. "लाईट गेली का?" मी विचारलं. मग लक्षात आलं, लाईट लावलेलीच नव्हती, पंखा फिरत होता, आणि खिडकीतून ऊन येत होतं.

"बरं झालं, बघा म्हणालात," आबा म्हणाले. "लई दिवस कुणी म्हणलंच नव्हतं."

अमृताच्या हातातला शाईचा पॅड खाली पडला. तो उचलायचं तिला सुचलं नाही. नवाबभाईंनीच उचलून दिला.

३

त्यानंतर माझ्या डोळ्यांचं काहीतरी बिनसलं.

एरवी सगळं स्वच्छ दिसायचं. बातम्यांखालची बारीक अक्षरं वाचायची मी, सुईत दोरा ओवायची. फक्त सही करताना गडबड व्हायची. अर्ज असो, वकालतनामा असो, कुरिअरवाल्याची पावती असो, सहीच्या शेवटाला उजेड कमी व्हायचा. पेन उचललं की परत यायचा, पण सगळा नाही. दर वेळी थोडा मागं राहायचा. हे मला फार उशिरा कळलं, कारण ट्यूबलाईट जुनी झाली म्हणून मी दोनदा बदलून घेतली होती आणि इलेक्ट्रिशियनला शिव्याही घातल्या होत्या.

उस्मानपुऱ्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. नंबर तोच. पडदा ठीक. साखर नाही, दाब नाही. ते म्हणाले, मॅडम, काम कमी करा. मी त्यांना म्हटलं, ते सांगायला तुम्ही कशाला हवेत, ते माझा नवराही फुकट सांगतो.

पण एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही. सही करताना समोरच्या खुर्चीत पक्षकार बसलेला असला की मला बरं वाटायचं. खुर्ची रिकामी असली की मात्र पेन टेकवल्याबरोबर कुणीतरी पुढं वाकल्याचा आवाज यायचा. पट्ट्या करकरल्याचा. माझ्या ऑफिसातल्या खुर्च्या लोखंडी आहेत, रेक्झिनच्या. त्या करकरत नाहीत. मी दोन्ही खुर्च्या बाहेरच्या खोलीत नेऊन ठेवल्या आणि लुबनाला सांगितलं, जागा अडते. ती म्हणाली, पक्षकारांना आता उभ्यानंच लुटणार का?

पावसाळा संपता संपता आबा गेले. अमृताचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. त्याच दुपारी मी एका कागदावर सही करायला घेतली. करकर झाली, आणि शेवटचं अक्षर मला दिसलं नाही.

४

काकासाहेबानं दावा लावला. मृत्युपत्र खोटं आहे, बापाला दिसत नव्हतं, आंधळ्या माणसाकडून सही घेतली, असं त्यानं लिहून दिलं होतं. दाव्याची प्रत घेऊन अमृता माझ्यासमोर रडत बसली. आंधळा हा शब्द वाचून मी तिच्याकडं बघतच राहिले.

मग तिनं सांगितलं. आबांची दृष्टी काचबिंदूनं कधीच गेली होती, तिचं लग्न मोडायच्याही आधी. दोन्ही डोळ्यांची. उजेडसुद्धा कळत नव्हता. पिशोरच्या तिच्या एका पाहुण्यानं सांगितलं होतं की आंधळ्याची सही कायद्यात चालत नाही. म्हणून तिनं ते माझ्यापासून लपवलं. टपरीवरून शून्य नंबरचा चष्मा आणला, पुठ्ठ्याच्या पट्टीवर आठवडाभर सहीचा सराव करून घेतला.

माझं डोकंच फिरलं. मी तिला नाही नाही ते बोलले. आंधळ्याचं मृत्युपत्र चालतं, बाई, राजरोस चालतं, वाचून दाखवलं आणि त्याला समजलं की झालं, एका शब्दानं विचारलं असतंस तर मी तसं लिहिलं असतं. ती मान खाली घालून ऐकत होती. माझा सगळा राग बोलून संपला आणि राग कशावर पांघरूण घालत होता ते उघडं पडलं.

"अमृता," मी म्हटलं, "त्यांनी माझ्याकडं बघितलं होतं."

तिनं मान वर केली. "व्हय, मॅडम," ती हळू म्हणाली. "त्या दिवसापासून मलाबी बघायचे. दिवसभर. डबे भरताना, झाडताना. मी विचारलं, आबा, तुम्हाला दिसतंय का? तर काहीच बोलायचे नाय. गेल्यावर डोळे मिटवले तर परत उघडायचे. शेवटी फडकं बांधून नेलं." ती थांबली. "आबाचे डोळे काळे होते, मॅडम. आधी."

मी विचारलं, आणि नंतर? ती माझ्या चेहऱ्याकडं बघत होती. मग तिनं नजर काढून घेतली, पदरानं नाक पुसलं आणि तारीख कधीची आहे ते विचारलं.

५

नवाबभाई लेकीकडं हैदराबादला जाऊन राहिले होते. कोर्टात यायला त्यांची तब्येत साथ देत नव्हती. मी फोन केला. त्या दिवशी आबांचे डोळे बघितले का, एवढंच विचारलं. 

"मैं तो कागज देखरा था, मॅडम," ते म्हणाले. "बाबा की तरफ आप देखरे थे."

म्हणजे साक्ष माझी एकटीची होती. कायद्याला एक साक्षीदार पुरतो, तेव्हा मलाच पिंजऱ्यात उभं राहायचं होतं. अमृताचं वकीलपत्र मी लुबनाला दिलं. तिला सगळं सांगितलं, खुर्चीचा आवाज सोडून. ती चेष्टा करेल असं वाटलं होतं. तिनं केली नाही. उठून दार लावून आली.

ती म्हणाली, नीट ऐक. काकासाहेबाचा वकील अभय आहे, त्याला तुझी सवय ठाऊक आहे. तो विचारणार, त्यांनी तुमच्याकडं बघितलं का. तू हो म्हणालीस की तो म्हणणार, ज्याला दिसत होतं तो रामकिसन नव्हताच. दुसरा म्हातारा आणून बसवला, तोतया. घर तर जाईलच, वर अमृतावर फौजदारी होईल, आणि तुझी वकिलीची सनदही धोक्यात येईल. नाही म्हणालीस तर प्रश्नच मिटतो. आंधळ्याला तू वाचून दाखवलंस, त्याला समजलं, तू सही करतेयस हे त्याला कळत होतं. तेवढं समक्ष म्हणायला पुरेसं आहे.

"आणि खरं काय, सुरेखा? आंधळ्याला दिसत नाही. तेच सांगायचंय ना तुला?"

तिचं बरोबर होतं. मी घरी जाऊन स्वतःला तेच समजावत बसले. आंधळी माणसं आवाजाच्या दिशेनं मान वळवतात. पेन कागदावर खरडतं, त्या खरखरीमागून त्यांची मान सरकली असेल. उन्हातून अंधाऱ्या खोलीत गेल्यावर माझेच डोळे दिपले असतील. डोळ्यांचा रंग कुणाला आठवतो? एकेक गोष्ट बरोबर बसत होती. तरी जेवण गेलं नाही. मला भीती वाटत होती, आणि कोर्टाची नव्हे. कोर्टात तर माझं आयुष्य गेलंय.

६

तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती. काकासाहेब पांढऱ्या कपड्यांत पहिल्या बाकावर बसला होता. अमृता दुसऱ्या टोकाला, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मी शपथ घेतली. हजारदा दुसऱ्यांना घेताना ऐकलेली, स्वतः घेताना मात्र शब्द अडखळले.

अभयनं इकडचंतिकडचं विचारून घेतलं. घर कुठं, खोली किती, कोण कुठं बसलं होतं. मी उत्तरं देत होते. नेत्रतज्ज्ञांचा जुना कागद त्यानं मला दाखवला. आबांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं, हे मी मान्य केलं. मग तो चष्मा पुसत म्हणाला, "मॅडम, साक्षीदार म्हणून सही करण्याआधी तुम्ही करणाऱ्याला 'माझ्याकडं बघा' म्हणता. सगळ्या बारला माहीत आहे. त्या दिवशी म्हणालात?"

"म्हणाले."

"मग रामकिसन यांनी तुमच्याकडं बघितलं?"

मी अमृताकडं बघितलं. तिच्या पायात डबे पोचवून झिजलेल्या चपला होत्या. ती डोळे मिटून, ओठ हलवत बसली होती.

"नाही," मी म्हणाले. "त्यांना दिसत नव्हतं. ते ऐकत होते."

न्यायाधीश साहेबांनी मान हलवली. स्टेनोनं टाईप केलं. अभयनं आणखी दोनचार प्रश्न विचारले, पण त्यातली हवा गेली होती, हे त्यालाही कळलं आणि काकासाहेबालाही. लुबना खाली बघून कागद लावत होती. मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. काही झालं नाही. काहीच झालं नाही. अमृताचं घर वाचलं.

मग साक्षीची छापील प्रत माझ्यापुढं आली. साक्षीदारानं कोर्टासमोर सही करायची, नेहमीचा रिवाज. मी पेन घेतलं, कागदावर टेकवलं.

साहेबांच्या उंच टेबलाच्या पायथ्याशी, पिंजऱ्यासमोर, साक्षीदारांसाठी एक खुर्ची ठेवलेली असते, म्हाताऱ्याकोताऱ्यांना बसायला. लाकडी खुर्ची. ती रिकामी होती. तिच्यातून पट्ट्या करकरल्याचा आवाज आला.

आणि उजेड गेला. या वेळी कमी झाला नाही, सरळ गेला. पेन उचललं तरी परत आला नाही. पंखा ऐकू येत होता, स्टेनोची टकटक, बाहेर पार्किंगमधले हॉर्न. मी डोळे फाडून बघत होते आणि समोर काही नव्हतं. साहेब म्हणाले, मॅडम, खाली, ओळीवर करा. लुबना म्हणाली, सुरेखा, काय झालं? मी हात कागदावर फिरवत राहिले. मला ओळ सापडत नव्हती.

कुणाच्या तरी चपलांचा आवाज जवळ आला. फोडणीचा वास आला. माझ्या मनगटाला खरखरीत बोटांनी धरलं, सराव असलेल्या बोटांनी, आणि पेनाखाली पुठ्ठ्याची कड सरकली. ती पट्टी तिनं अजून पिशवीत ठेवली होती.

"इथून सुरू, मॅडम," अमृता म्हणाली. 

मी पट्टीच्या कडेनं सही करायला लागले. आणि तेव्हा मला दिसायला लागलं. कागद दिसला, पण उलटा. माझी अक्षरं उलटी, माझा हात समोरून माझ्याकडं येणारा. समोर खुर्चीत बसलेल्या माणसाला दिसतं तसं. नजर पेनाच्या टोकाबरोबर सरकत होती, अक्षरामागून अक्षर, शेवटच्या फराट्यापर्यंत.

सही झाली. अमृता कानाशी म्हणाली, झाली, अगदी ओळीवर आली. नजर पेनावर थोडा वेळ थांबली. मग उचलली गेली आणि सावकाश वर यायला लागली. माझं मनगट, काळ्या कोटाची बाही, गळ्यातले पांढरे बँड. आता चेहरा येणार होता, आणि त्यात आता कसले डोळे आहेत ते मला बघायचं नव्हतं.

मी डोळे गच्च मिटले. तरी दिसतच राहिलं.